चार पोती भुसा

“थोडा कोळसा आहे का रे?” असं विचारत आमा खाली आल्या, तेव्हा मी भट्टीपुढं हात शेकत बसलो होतो. मी नाही म्हणालो. शेकता शेकता नाही म्हणालो. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते, ती त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती.

आमांनी भट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि “बरं” म्हणून जिना चढून गेल्या. भट्टीमागं अर्धं पोतं कोळसा होता. त्यावर मी गोणपाट टाकलं होतं आणि गोणपाटावर एक मोडकी छत्री ठेवली होती, जशी काही ती छत्री त्या कोळशाची राखण करणार होती.

ही गोष्ट तानसेनची, नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्यातली. खाली सपाटीवर बुटवल सोडलं की घाट चढत जायचं, मग डोंगराच्या अंगावर हे गाव लागतं. मी खानापूर तालुक्यातला गलाई. आमच्या भागात पाऊस कमी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून आमचे आजे-चुलते सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले. जिथं चार सोनार, तिथं आमचा एक माणूस भट्टी आणि मूस घेऊन बसलेला. माझ्या वाट्याला परदेश आला, इतकंच. आमांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आमा म्हणजे धनकुमारी राना, आमच्या घरमालकीण. नेपाळीत आईला आमा म्हणतात आणि गल्लीत सगळेच त्यांना तसं म्हणायचे. साठी उलटलेली, अंगानं किडकिडीत, पण डोक्याला पट्टा लावून पाठीवर पाण्याचा हंडा न्यायच्या तेव्हा मला लाज वाटायची. नवरा भारताच्या फौजेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन पोखऱ्याला. छावण्यांत काढलेल्या दिवसांमुळं आमांना थोडी हिंदी यायची. त्यांची हिंदी आणि माझी नेपाळी, दोन्ही लंगड्या, पण एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बऱ्या चालायच्या.

त्या वर्षी पौषात भारतात ट्रकवाल्यांचा संप लागला. मी गावाकडं फोन केला तर थोरला भाऊ म्हणाला, पेपरात काहीतरी आलंय खरं. त्याच्याकडं तो पेपरात आला होता. आमच्याकडं तो थेट चुलीत आला. रॉकेल, गॅस, डिझेल, नेपाळात जळणारा थेंब न थेंब भारतातून यायचा. सीमेपलीकडं टँकर उभे राहिले आणि आठ दिवसांत तानसेनच्या चुली विझायला लागल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जंगल चारी बाजूंना होतं, पण ते राखीव. वनसमितीनं ठरवून दिलेल्या दिवशीच लाकूड तोडायचं, आणि ते ओलं. लोक सकाळी एकदा रांधून दोनदा खाऊ लागले. ज्यांच्याकडं पत्र्याच्या जुन्या भुशाच्या चुली होत्या, त्यांनी त्या माळ्यावरून काढल्या, पण दोन दिवसांत सुताराकडचा भुसाही संपला.

संप कशासाठी चाललाय हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण गल्लीत भारतातला मी एकटाच, तेव्हा जाब मलाच. वड्याचं तेल वांग्यावर. कोपऱ्यावरचा चहावाला कृष्णबहादुर रोज विचारायचा, “काय सेठ, तुमचे ट्रक कधी सुटणार?” जसे ते माझ्याच दाराशी बांधलेले होते. मी हसण्यावारी न्यायचो आणि घरी येऊन मालनवर चिडायचो.

मालन माझी बायको, आणि हे तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्यात ओटी भरून तिला पोचवायचं ठरलं होतं. पण संपामुळं तिकडच्या बसगाड्यांचाही भरवसा उरला नाही. आज निघू, उद्या निघू करता करता आठवा लागला, आणि आठव्यात बाईला प्रवास करू द्यायचा नाही, ही आमची दुसरी रीत. दोन रीतींच्या मधोमध मालन तानसेनमध्ये अडकली.

मी कोळसा नाही म्हणालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकून ती भिंतीला धरून उभी राहिली.

“आवं, ह्ये काय बरं न्हाई,” ती म्हणाली. “लई लवकर हाय.”

मी आमांना हाक मारली. त्या आल्या, मालनच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. मग मला म्हणाल्या, की इस्पितळात नेता आलं तर बरं, गाडी बघ, पळ. मूल लहान आहे आणि बाहेर ही अशी थंडी. तसं मूल जन्मलं की पहिली लढाई थंडीशी असते, हे त्यांनी मला दारातच सांगितलं. मी चप्पल घालायलाही विसरलो.

इस्पितळ गावाबाहेर, बरंच लांब. जीपच्या तळावर तीन जीपा उभ्या होत्या आणि तिन्हींचे ड्रायव्हर उन्हाला बसले होते. दोघांनी नुसती मान हलवली. तिसरा, लोकेंद्र नावाचा, म्हणाला की डिझेल नाही. त्याच्या सीटखाली कॅन होता. मला वास आला. मी म्हणालो, बायको अडलीय. तो म्हणाला, “तुमच्या देशाला सांगा ना.” हात शेकत मी जसं नाही म्हणालो होतो, अगदी तसंच तो नाही म्हणाला. त्याच्याशी भांडायला तोंड होतं कुठं मला? आजाऱ्याला पाठीवर खुर्ची बांधून नेणारे हमाल असतात, त्यांच्या शोधात मी सगळं गाव पालथं घातलं. दोघं मिळाले. या साऱ्यात तीन तास गेले.

हमालांना घेऊन मी अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थबकलो. अंगणात भुशाच्या दोन चुली धडधडत होत्या. एकीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं, दुसरीवर कसलीशी पेज. आणि बाजूला माझी पोती पडली होती. भट्टीच्या खोलीशेजारच्या अंधाऱ्या कोठीत मी चार पोती भुसा ठेवला होता. त्यातली दोन रिकामी, चपटी होऊन पडली होती.

हा भुसा काय होता ते सांगायला हवं. दागिने घडवून, धुऊन झाले की सोनार ते लाकडाच्या भुशात लोळवून सुकवतात. त्या भुशात सोन्याची धूळ अडकते. डोळ्यांना दिसत नाही, पण असते. गावातल्या सगळ्या सोनारांकडचा असला जुना भुसा आणि दुकानाची झाडलोट मी वर्षभर विकत घेऊन साठवायचो. वर्षातून एकदा त्यातलं सोनं काढायचं, आणि आमचं सगळं घर त्यावर चालायचं. बाळंतपण, बारसं, गावाकडचं घर, सगळं मी त्या चार पोत्यांत बघत होतो.

“हे काय केलंत तुम्ही?” मी ओरडलो. आमा चुलीपाशी बसल्या होत्या, त्या दचकून उठल्या. “यात माझं वर्षाचं सोनं आहे. वर्षाचं सोनं जाळलंत तुम्ही माझं.”

आमा काहीतरी बोलणार होत्या. मी थांबलो नाही. मी ते उकळतं पातेलं पदरासारख्या धरलेल्या सदऱ्याच्या टोकानं उचललं आणि चुलीवर पालथं केलं. चूल फसफसली, अंगणभर वाफ आणि धूर झाला, हमाल मागं सरकले. त्या धुरात आमांचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज तेवढा आला. तो चढलेला नव्हता.

“ओरडून झालं असेल तर आत ये,” त्या म्हणाल्या. “मुलगी झालीय.”

मी आत गेलो. मालन आमांच्या बिछान्यावर होती. त्यांनी तिला वर, आपल्या खोलीत नेलं होतं, कारण ती खोली छोटी आणि लवकर ऊब धरणारी. मालनच्या उघड्या छातीवर, फौजी कांबळ्याच्या आत, माझी मुलगी होती. ती इतकी लहान होती की आधी मला तिथं फक्त कांबळंच दिसलं. तिचे ओठ निळसर होते. तिच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

“बाटल्या दर थोड्या वेळानं बदलाव्या लागतात,” आमा माझ्यामागून हळू म्हणाल्या. “गार झाल्या की ही निळी पडते. तू ओतलंस ते पुढच्या बाटल्यांचं पाणी.”

मालननं डोळे उघडले. “कुणावर वरडत हुता?” तिनं विचारलं. मी म्हणालो, कुणावर नाही. मग मी एका बाटलीला हात लावला. ती कोमट होती.

आयुष्यात मी पुष्कळ वेळा घाबरलो आहे, पण त्या कोमट बाटलीला घाबरलो तसा कधी नाही. मी जिना उतरलो नाही, पडत गेलो. भट्टीमागची छत्री भिरकावली, गोणपाट ओढलं आणि कोळशाचं पोतं अंगणात आणून उपडं केलं. आमा चुलीतला ओला लगदा काढत होत्या. त्यांनी कोळशाकडं पाहिलं.

“मिळाला वाटतं,” त्या म्हणाल्या. बस, इतकंच. त्या कोळशाबद्दल त्या मला पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

कोळशावर पाणी ठेवलं. पण कोळसा अर्धंच पोतं, आणि ती ऊब किती दिवस पुरवायची होती कुणास ठाऊक. मी कोठीत जाऊन तिसरं पोतं ओढत आणलं, दातानं शिवण तोडली. पत्र्याच्या चुलीत मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा दाबून भरायचा, मग बाटली अलगद काढायची, म्हणजे वाऱ्याला वाट होते. हे आमांनी मला दाखवलं आणि मी भरत गेलो. त्यांनी एकदा माझा हात धरला.

“हेही सोन्याचं आहे ना?” त्यांनी विचारलं.

“असू दे,” मी म्हणालो. “राख तेवढी टाकू नका.”

“ती मी कधी टाकली?” त्या म्हणाल्या. ते खरं होतं. मी राख टाकू देत नाही, हे त्या सहा वर्षं बघत आल्या होत्या. त्यांच्या लेखी तो माझा एक खुळेपणा होता.

उन्हं कलायच्या आत बाटल्या तीनदा बदलून झाल्या होत्या. मग वरून एक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. मग दुसरा, जरा मोठा. आमा जिन्यात बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसल्या. मी अंगणात भुशानं भरलेले हात घेऊन रडत उभा राहिलो, आणि हमाल अजून पैशासाठी थांबले आहेत याचं मला भान नव्हतं.

बाळाची बातमी गल्लीत पसरली. दुसऱ्या दिवशी कृष्णबहादुर आपल्या टपरीसमोरच्या बाकाच्या दोन फळ्या काखेत मारून आला. म्हणाला, गिऱ्हाइकं उभ्यानं चहा पितील, नाही तरी चहा आहे कुठं. समोरच्या घरातून मक्याच्या कणसांची बुरकुंडं आली. कुणी मोडक्या खाटेचा पाय आणला, कुणी वाटीभर रॉकेल. ज्यांच्या स्वतःच्या चुली आमच्या ट्रकांपायी विझल्या होत्या, ती माणसं माझ्या दाराशी जळण ठेवून जात होती, आणि ट्रकांचा विषय कुणी काढत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लोकेंद्र जीप घेऊन आला. मालनला आणि बाळाला तपासून आणू म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, की डिझेल त्या दिवशीही होतं.

“माझ्याकडं कोळसा होता,” मी म्हणालो. त्याला त्याचा अर्थ कळला नाही, पण मला बरं वाटलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी बाळाला वजनकाट्यात ठेवलं, छाती ऐकली आणि सांगितलं की आत्तापर्यंत जी ऊब दिली तीच देत राहा.

चौथं पोतंही गेलं. बाळाच्या बाराव्या दिवशी संप मिटला आणि त्यानंतर दोन दिवसांनी पहिला टँकर घाट चढून आला. पोरं त्याच्यामागं वरातीसारखी धावली. त्याच दुपारी आमा दोन मोठे तुपाचे डबे घेऊन खाली आल्या. त्यात राख होती, काठोकाठ, मी ओतलेल्या पाण्यानं गोळा झालेली सुद्धा, वाळवून भरलेली. “तुझी राख,” म्हणून त्यांनी डबे ठेवले आणि लगेच वळल्या. शाल त्यांनी कानांवरून घट्ट गुंडाळली होती. त्या थंडीत सगळ्याच बायका तशी गुंडाळायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख चाळायला बसलो. पहिला डबा नीट चाळून झाला. दुसऱ्या डब्याची राख चाळणीत ओतली आणि खडखड वाजलं. मला वाटलं खिळा असेल, फळीतला. बोटांनी राख बाजूला केली. चाळणीत दोन ढुंग्र्या होत्या. तिकडच्या मगर जमातीच्या बायका कानात घालतात तसल्या, सोन्याच्या, गोल, मधे लाल खडा असलेल्या. सहा वर्षं मी त्या रोज आमांच्या कानात पाहत होतो. खडे शाबूत होते, त्यांना आगीचा स्पर्शही झालेला नव्हता.

मी तसाच राखेच्या हातांनी वर गेलो. आमा मालनच्या पाठीला तेल चोळत होत्या आणि बाळ उन्हात तापलेल्या दुपट्यात निजलं होतं. मी म्हणालो, तुमच्या ढुंग्र्या राखेत पडल्या होत्या.

“पडल्या नव्हत्या,” आमा म्हणाल्या. “ठेवल्या होत्या. तू ओरडलास त्याच रात्री.”

 त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“वर्षाचं सोनं जाळलं म्हणालास. मला काय ठाऊक त्या भुशात काय असतं? घरात दुसरं जळण नव्हतं, पोरीला धाप लागलेली, मी कोठी उघडली. नंतर तू सांगितलंस. तुझ्या वर्षाला माझ्याकडं हेच होतं. हातात दिलं असतं तर तू घेतलं नसतंस.”

गेले चौदा दिवस ती बाई मोकळ्या कानांनी माझ्या बायकोचं बाळंतपण करत होती, आणि मी एकदाही शालीखाली पाहिलं नव्हतं. मी खाली बसलो. म्हणालो, “आमा, सोनं जळत नाही.”

“तुकडा जळत नाही, हे मलाही कळतं,” त्या म्हणाल्या. “पण तू धूळ म्हणालास. धूळ धुराबरोबर जाते.”

“नाही जात. खाली राखेतच राहते. मी तो भुसा दरवर्षी नदीवर नेऊन जाळतोच. जाळल्याशिवाय त्यातलं सोनं निघतच नाही. तुम्ही माझं अर्धं काम केलंत, आमा. त्या डब्यांत माझं सगळं सोनं आहे.”

आमा माझ्याकडं वळल्या. 

“मग तू ओरडलास कशाला?” आमांनी विचारलं.

त्यांनी ते टोमण्यानं विचारलं नाही, खरंच कळून घ्यायला विचारलं. मी वयाच्या बाराव्या वर्षापासून भट्टीवर बसलेला माणूस. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की सोन्याला आगीचं भय नसतं. आणि मी बाळ आधी न बघता पोती बघितली, घाबरलो, आणि मला येत असलेली एकमेव विद्या त्या क्षणी विसरलो. नंतर आठवली, तर ती इतकी साधी गोष्ट होती की कुणाला सांगायची असते हेच सुचलं नाही.  मी आमांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि माझ्या कपाळाची राख त्यांच्या पायांना लागली.

“उठ, तेल सांडेल,” त्या म्हणाल्या. मग शाल मागं सारून त्यांनी एक कान माझ्याकडं केला. “घाल आता तूच. माझी बोटं तेलकट आहेत.”

माझ्या त्या पोरीला आता स्वतःची दोन मुलं आहेत आणि मी विट्यात घर बांधून राहतो. जन्मभर मी लोकांचं सोनं हाताळलं, पण त्या दिवशी पहिली ढुंग्री तिसऱ्या खेपेला कानात बसली. आमा खिडकीबाहेर बघत बसल्या. दुसरा कान त्यांनी मी न सांगता पुढं केला.